हळदीकुंकू लावलेलं कार्ड

नवी वस्तू घरात आली की ती आधी देवापुढे ठेवायची, तिला हळदीकुंकू लावायचं आणि मगच वापरायला काढायची, ही आमच्या घरची रीत. स्कूटीला लावलं, मिक्सरला लावलं, लेकीच्या लॅपटॉपलाही लावलं. त्यामुळे माझं क्रेडिट कार्ड कुरियरने आलं तेव्हा सासूबाईंनी ते पाकिटातून काढून देवापुढे ठेवलं, त्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि मनोभावे हात जोडले, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. फरक एवढाच की मिक्सर दुसऱ्या दिवशी वापरात आला. कार्ड मी पुन्हा पाकिटात घातलं आणि कपाटात पैठणीच्या घडीत ठेवून दिलं.

मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. फी घ्यायच्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी सगळी नोकरी गेली. मुदत, हप्ता, पुढच्या महिन्यात देतो, हे शब्द मी दिवसभर ऐकते, म्हणून घरी आल्यावर मला त्यांची सावलीही नको असते. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा माझा बाणा. नवरा त्याला बाणा म्हणत नाही, खोड म्हणतो. तो रेल्वेत आहे, इगतपुरीच्या घाटात इंजिन चालवतो. ड्युटीवर असताना फोन बंद ठेवावा लागतो. "मी घाटात, फोन बंद, आणि इकडे तुम्ही अडलेल्या, असं व्हायला नको," असं म्हणून त्यानेच मला कार्ड घ्यायला लावलं. लिमिट चांगली घसघशीत मिळाली होती. ती कळल्यापासून मला रात्री झोप जरा जास्त चांगली लागायला लागली, हे खोटं नाही.

वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला, मी ते कार्ड बाहेर काढायचे. नाशिक रोडला स्टेशनच्या बाजूला भांड्यांचं दुकान आहे, तिथे त्यावर एखादी वाटी नाहीतर पळी घ्यायचे. बिल आलं की त्याच दिवशी भरून मोकळी. मग कार्डाला नव्याने हळदीकुंकू आणि ते पुन्हा पैठणीत. मला वाटायचं, बँकेत कुठेतरी माझं कौतुक चालत असणार. एवढी लिमिट देऊनही ही बाई हात लावत नाही, असं साहेब लोक एकमेकांना सांगत असतील, माझं उदाहरण देत असतील.

आणि मग एक दिवस फोनवर मेसेज आला. इंग्रजीत होता. मतलब असा की, आपण कार्ड कमी वापरता म्हणून आपली लिमिट कमी करण्यात येत आहे. वाचून मला हसूच आलं. जास्त वापरलं म्हणून कमी केली म्हटलं असतं तर एक वेळ विश्वास ठेवला असता. कमी खर्च करणाऱ्याला कुणी शिक्षा करतं का? हे नक्कीच त्या फसवणाऱ्या टोळ्यांचं काम. आता खाली लिंक असणार, ती दाबली की खातं साफ. लिंक नव्हती, पण मी म्हटलं, हे चोर नवे दिसतात. मी त्या मेसेजचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सावधान! असा मेसेज आल्यास बळी पडू नका." धडाधड अंगठे आले, जोडलेले हात आले. सेक्रेटरींनी माझा उल्लेख "जागरूक भगिनी" असा केला. मूळ मेसेज मी पुसून टाकला आणि स्वयंपाकाला लागले.

आता समोरच्या भाभींबद्दल सांगायला हवं. आमच्या मजल्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक त्यांचं. भाभी मालेगावकडच्या, त्यांच्या मिस्टरांचं द्वारका चौकाजवळ गाद्यांचं दुकान आहे. दुकानाचा सगळा हिशोब भाभीच बघतात आणि बोलतात अशा की समोरच्याने फक्त मान डोलवावी. आमचं छान होतं. कोथिंबीर, विरजण, इस्त्री, सगळं इकडून तिकडे जायचं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी दिवाळी आली. वर्षाच्या आत घरात कढई चढवायची नाही, म्हणून आमच्याकडे फराळ नव्हता. अशा घरी शेजारपाजारचे फराळ आणून देतात, ही आपली पद्धत. भाभींना ती ठाऊक होती. पहाटे दार वाजलं तर भाभी उभ्या, हातात मोठा स्टीलचा डबा, आत शंकरपाळी आणि नानकटाई. "वहिनी, अम्माजींना माझी शंकरपाळी आवडायची ना," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी दार लावून घेतलं आणि डबा मांडीवर घेऊन रडले. सासूबाई गेल्यावर मोकळं असं मी त्या दिवशीच रडले.

पण मग झालं असं की, डबा परत द्यायचा होता. आणि दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. वर्ष सुतकाचं, गोडधोड करायचं नाही. म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे, मग छान बेसनाचे लाडू करून भरून देईन. वर्षश्राद्ध झालं, तेव्हा शाळेत परीक्षा होत्या. मग म्हटलं, एवढे दिवस ठेवला तर आता चार लाडू कसे द्यायचे, चांगला भरगच्च द्यायला हवा. भरगच्च करायला सवड मिळेना. डबा फळीवर. झाकणावर भाभींच्या मिस्टरांचं नाव कोरलेलं, ते रोज सकाळी चहा करताना माझ्याकडे बघायचं. हळूहळू मला भाभींकडे बघायचीच लाज वाटायला लागली. कोथिंबीर संपली तर मी खाली उतरून विकत आणायचे, पण त्यांचं दार वाजवायचे नाही. विरजण मागायला गेले आणि त्यांनी डब्याचं विचारलं तर? त्यांनी कधी विचारलं नाही. मीच लिफ्टमध्ये त्या दिसल्या की जिन्याने जायचे. दोन दिवाळ्यांमधलं अंतर त्या डब्याने असं आमच्या दोन दारांच्या मधोमध आणून ठेवलं.

या सगळ्यात माझी लेक. फार्मसीला जायचं हे तिच्या डोक्यात दहावीपासून. आदल्या वर्षी प्रवेश थोडक्यात हुकला. तिने पुन्हा परीक्षा दिली. सगळ्या मैत्रिणी कॉलेजला जात असताना ती घरात पंख्याखाली बसून अभ्यास करायची. एक दिवस ताट वाढताना मला म्हणाली, "आई, या वेळी नाही झालं तर मी मेडिकलच्या दुकानात कामाला लागते. तिसऱ्यांदा नाही बसणार." माझ्या लेकीला मी ओळखते. तोंडातून निघालं की ती ते करते.

शेवटच्या फेरीत तिचं नाव लागलं, तेही नाशकातच, आडगावच्या बाजूच्या कॉलेजात. घरात नुसता आनंद. दुसऱ्याच दिवशी पाच वाजायच्या आत कागदपत्रं आणि फी भरायची, नाहीतर जागा गेली. आमचे पैसे होते ते मुदत ठेवीत, आणि ठेव दोघांच्या नावावर, मोडायला दोघांच्या सह्या. नवरा घाटात. पण मी अगदी निर्धास्त होते. याच दिवसासाठी तर कार्ड ठेवलं होतं! मी कपाट उघडलं, पैठणीची घडी उलगडली, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मनात म्हटलं, बघा आता, जपून ठेवण्याचा उपयोग असा होतो.

कॉलेजच्या कॅश काउंटरवर माझा नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मी आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच उभी होते. आतल्या मुलाने कार्ड घेतलं, मशिनमध्ये घातलं. मशिनने नाही म्हटलं. त्याने कार्ड बाहेर काढून डोळ्यांजवळ धरलं.

"मॅडम, चिपवर काहीतरी पिवळं लागलंय."

"हळद आहे ती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. भला मुलगा, हसला नाही. रुमालाने त्याने चिप पुसली, रुमालावर कुंकवाचाही डाग उमटला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हळदच आड आली होती, आता चालेल. कार्ड पुन्हा आत गेलं. मशिनने पुन्हा नाही म्हटलं.

"लिमिट कमी पडतेय मॅडम."

"असं कसं? वापरलंच नाही मी ते!"

मागे रांग होती. मी बाजूला झाले आणि कार्डवाल्यांना फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. आवाज फार गोड. मी मराठीत बोलते म्हटल्यावर तीही मराठीत बोलायला लागली. म्हणाली, "मॅडम, आपल्या कार्डाचा वापर कमी असल्यामुळे आपली लिमिट कमी केली आहे. आपल्याला मेसेज पाठवला होता." मी विचारलं, कधी. तिने सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे अंगठे आणि जोडलेले हात उभे राहिले. आता वाढवून मिळेल का, विचारलं. अर्ज करता येईल म्हणाली, पण आजच्या आज नाही. उरलेली लिमिट फीच्या जवळपासही जात नव्हती.

"ताई, मी जपून ठेवलं होतं ते," मी म्हटलं. तिला बिचारीला काय सुचणार. ती म्हणाली, "अजून काही मदत करू शकते का?"

लेक भिंतीकडेच्या बाकावर फाईल छातीशी धरून बसली होती. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं. "राहू दे ना आई," म्हणाली. राहू दे! त्या मुलीने एक अख्खं वर्ष पंख्याखाली काढलं होतं, आणि माझ्या जपून ठेवलेल्या कार्डापायी ते पाच वाजता संपणार होतं.

नवऱ्याचा फोन बंद. सायखेड्याच्या भावाला लावला तर नुसती रिंग वाजत राहिली, तो शेतात जाताना फोन घरी ठेवतो. शाळेतले सहकारी? महिन्याची अखेर होती आणि त्यांचे पगार मीच काढते, कुणाकडे काय असेल ते मला ठाऊक. मग भाभी आठवल्या. आठवल्या असंही नाही, त्या पहिल्यापासून मनात होत्या, मीच त्यांना मागे ढकलत होते. नंबर माझ्याकडे साठवलेला नव्हता. तो शोधायला सोसायटीचा ग्रुप उघडला, वर वर सरकत गेले, तर आधी माझंच "सावधान!" समोर आलं. त्याखाली भाभींचं उत्तर होतं, "वहिनी, शुक्रिया. तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत." त्याच उत्तरावर बोट ठेवून मी त्यांना फोन लावला.

"वहिनी?" भाभींचा आवाज एकदम आनंदला. "बोला ना! आज कशी काय आठवण आली?"

आयुष्यात जे वाक्य मी खिडकीतून हजारदा ऐकलं होतं ते बोलायला मला जमत नव्हतं. मी आधी डब्याबद्दल बोलायला लागले. लाडू करणार होते, राहून गेलं, वगैरे. भाभींनी मध्येच तोडलं.

"डब्याचं सोडा वहिनी, तुम्ही रडताय का? कुठं आहात?"

मग मी सगळं सांगितलं. पैसे हा शब्द उच्चारायच्या आत त्यांनी विचारलं, "कॉलेज कुठलं? कितीपर्यंत उघडं आहे? तिथंच बसा, हलू नका. पोरीला सांगा, भाभी निघाली."

आडगाव म्हणजे आमच्याकडून गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये द्वारकेचा चौक. त्या चौकात गाडी अडकली की माणूस म्हातारा होऊन बाहेर पडतो. मी फाटकाशी उभी राहिले. दर मिनिटाला घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला पाहिलं. काउंटरवरचा तो मुलगा मधूनच खिडकीतून डोकावून बघत होता. चार वाजून गेले. रांग संपत आली. आणि मग भाभींची पांढरी स्कूटी फाटकातून आत आली. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली ओढणी, अंगात घरातलेच कपडे. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ते मला दिसलं आणि मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला जरा थोपटलं आणि बाजूला केलं. "बाद में, वहिनी. आधी खिडकी."

भाभींनी पर्समधून आपलं कार्ड काढलं. त्याच्याकडे मी बघतच राहिले. कडा घासलेल्या, रंग उडालेला, आकडे वाचताही येत नव्हते. माझं कार्ड अजून नव्या नवरीसारखं होतं. मुलाने ते जुनं कार्ड मशिनमध्ये घातलं, भाभींनी नंबर दाबला आणि मशिनमधून पावती बाहेर आली.

"एवढी लिमिट आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"आधी कुठं होती? रोज वापरते मी. दूध यावर, सुई-दोरा यावर, दुकानाचा कापूस यावर. वेळेवर भरते. तेच वाढवत गेले." मग त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन उलटंसुलटं पाहिलं. हळदीचा पिवळेपणा अजून कोपऱ्यात होता. "आणि तुमचा तो सावधानवाला मेसेज खरा होता म्हणजे?"

मी मान हलवली. भाभी अशा हसल्या की लेकीलाही हसू आलं, मलाही आलं. त्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यात शेवटी आम्हीच होतो, आणि सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्याही.

घरी आल्यावर मी पदर खोचला आणि बेसन काढलं. डबा फळीवरून उतरवून घासला. आणि मग वाटलं, पुन्हा तेच? लाडू होणार, गार होणार, तोवर रात्र होणार, मग उद्या, मग परवा. मी गॅस बंद केला. रिकामा डबा घेतला आणि समोरचं दार वाजवलं. माझ्या आईने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

"आज रिकामाच आणलाय," मी म्हटलं.

भाभी डबा घेऊन आत गेल्या, आतून झाकणाचा आवाज आला, आणि दोन मिनिटांत डबा परत माझ्या हातात. जड आणि गरम. पोरीच्या प्रवेशाचा शिरा होता. कॉलेजातून येऊन मी पदर खोचेपर्यंत भाभींनी तो करूनसुद्धा ठेवला होता.

चार दिवसांनी नवऱ्याला सुट्टी मिळाली, ठेव मोडली, भाभींचे पैसे त्यांना पोचते झाले. पैसे फेडता आले, बाकीचं फेडता येणार नाही, आणि आता फेडायची घाईही नाही. त्या बँकेचेही मी मनापासून आभार मानते. तिने माझी लिमिट कमी केली नसती तर मी कार्ड सरकवून फी भरली असती, घरी आले असते, आणि जिन्यानेच चढत राहिले असते. कार्ड आता पैठणीत नाही, पर्समध्ये आहे. दूध त्यावरच घेते. मध्यंतरी लिमिट वाढवल्याचा मेसेज आला, तर ग्रुपवर टाकायच्या आधी भाभींना दाखवून घेतला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सकाळी लेकीचा जेवणाचा डबा सापडेना. वर्षभर घरातच बसलेली, डब्याची गरजच पडली नव्हती. ओट्यावर भाभींचा डबा होता, त्यातच पोळी-भाजी भरली. मोठा होता, सॅकच्या तोंडातून अर्धा वर आला. लेक दार उघडून बाहेर पडली आणि समोर भाभी केर काढत होत्या. त्यांनी सॅककडे पाहिलं. झाकणावर त्यांच्याच घरचं नाव.

"अरे, माझा डबा कॉलेजला चालला!"

माझा चेहरा पडला. "संध्याकाळी देते भाभी, घासून..."

भाभींनी झाडू भिंतीला टेकवला, लेकीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती वर्षांचं आहे हो हे फार्मसी?"

"चार," लेक म्हणाली.

"मग चार वर्षं नाय मागणार मी तो."